भौतिक सागरविज्ञानात एम.एस्सी. करताय? आधी पेन्सिल घ्या

भौतिकशास्त्राची पदवी घेऊन मी या विषयात आले तेव्हा गणिताची भीती नव्हती. तरी पहिल्याच सत्रात अडले. फळ्यावर गतीचं लांबलचक समीकरण असायचं, सर त्यातली निम्मी पदं खोडायचे, आणि नेमकी तीच का खोडली हे मला कळायचं नाही. मला वाटतं, हे कळणं म्हणजेच या विषयाचं अर्धं शिक्षण. ते वाचून येत नाही, आकडे घालून बघावे लागतात.

तर पहिल्या आठवड्यात हे करा. समजा, १०० किलोमीटर रुंद प्रवाहाच्या एका काठाला समुद्राची पातळी दुसऱ्या काठापेक्षा १ मीटरने उंच आहे. उतार झाला एक लाखात एक. त्याला गुरुत्वत्वरणाने, म्हणजे ९.८ ने, गुणा आणि कोरिऑलिस गुणकाने भागा. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाहतं पाणी किती वळतं हे सांगणारा हा आकडा मध्य अक्षांशांवर साधारण ०.०००१ असतो. उत्तर येतं सेकंदाला जवळपास १ मीटर. अटलांटिकमधल्या गल्फ स्ट्रीम प्रवाहाचा पृष्ठभागावरचा वेग याच मापाचा आहे! उपग्रहावरचा अल्टिमीटर पाण्याची उंची मोजतो. आपण तिच्यावरून प्रवाह काढतो ते याच भागाकाराच्या जोरावर. हे उत्तर पहिल्यांदा आलं त्या रात्री मी गणित तीनदा करून पाहिलं होतं.

आता तोच भागाकार विषुववृत्तावर करा. कोरिऑलिस गुणक शून्य होतो आणि पद्धत मोडते. कुठे मोडते, हे लिहून ठेवा. मग रॉस्बी अंक काढा: वेग भागिले (कोरिऑलिस गुणक गुणिले रुंदी). वरच्या प्रवाहासाठी ०.१ येतो. म्हणजे जडत्वाचं पद कोरिऑलिसच्या एक दशांश, म्हणून ते खोडलं. फळ्यावरचं कोडं असं सुटतं.

यानंतर स्वीडिश सागरवैज्ञानिक एकमन. ध्रुवीय संशोधक नानसेन यांचं ‘फ्राम’ जहाज १८९३ ते १८९६ या काळात आर्क्टिकच्या बर्फात अडकून वाहत होतं, तेव्हा बर्फ वाऱ्याच्या उजवीकडे २० ते ४० अंश सरकतो हे त्यांच्या लक्षात आलं. त्याचं गणित एकमन यांनी १९०५ मध्ये प्रसिद्ध केलं. खोलीप्रमाणे प्रवाह वळत जातो, ते त्यातलं सर्पिल पाठ करू नका. घर्षण आणि कोरिऑलिस एवढी दोनच बळं घेऊन स्वतः सोडवा. पुढे सागरवैज्ञानिक स्टॉमेल यांचं वाऱ्याने चालणाऱ्या प्रवाहांचं १९४८ चं मॉडेल पायथॉनमध्ये लिहा. कोरिऑलिस गुणक अक्षांशाप्रमाणे बदलू दिला की पश्चिम किनाऱ्याशी जोरदार प्रवाह उभा राहतो, स्थिर ठेवला की नाहीसा होतो. स्क्रीनवर हे एकदा पाहिलंत की आयुष्यभर विसरणार नाही.

डेटासाठी प्रबंधाची वाट पाहू नका. आर्गो या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचे सुमारे ४,००० फ्लोट, म्हणजे स्वयंचलित तरंगती मापनयंत्रं, समुद्रात आहेत. ते १,००० मीटरवर वाहत राहतात, दर १० दिवसांनी २,००० मीटरपासून वरपर्यंत तापमान आणि क्षारता मोजतात, आणि हा डेटा कुणालाही फुकट मिळतो. एकच फ्लोट निवडा, त्याचं वर्षभराचं चित्र काढा. गुणवत्तेचे फ्लॅग, म्हणजे कोणतं मोजमाप भरवशाचं हे सांगणाऱ्या खुणा, आधी बघा, मग आलेख.

तापमान कोणतं, हेही दर वेळी तपासा. सीटीडी म्हणजे खोलीनुसार तापमान आणि क्षारता मोजणारं उपकरण. माझ्या पहिल्या खोल सीटीडी आलेखात साडेचार हजार मीटरच्या खाली पाणी गरम होताना दिसत होतं. तळातून उष्णता येत असेल असं धरून मी दोन आठवडे कारणं शोधली. गाईड मॅडमनी एवढंच विचारलं, “हे पोटेन्शियल टेम्परेचर आहे का?” म्हणजे दाबाचा परिणाम काढून टाकलेलं तापमान. ते नव्हतं. दाबानेच पाणी किलोमीटरमागे साधारण ०.१ अंशाने तापतं. घनता काढताना २०१० पासूनचं टीईओएस-१०, म्हणजे समुद्राच्या पाण्यासाठीची आंतरराष्ट्रीय सूत्रं, वापरा. त्याला अ‍ॅब्सोल्यूट सॅलिनिटी (किलोमागे विरघळलेले क्षार, ग्रॅममध्ये) लागते आणि आर्गोच्या फाइलमध्ये प्रॅक्टिकल सॅलिनिटी (विद्युतवाहकतेवरून काढलेली) असते, तेव्हा आधी रूपांतर.

संख्याशास्त्राबद्दल एकच सांगते: रोजची ३६५ मोजमापं म्हणजे ३६५ स्वतंत्र मोजमापं नव्हेत. कालचं पाणी आजही बरंचसं तेच असतं.

जहाजावर जायची संधी आली तर विषय आपला नसला तरी जा. उपकरण तारेने खाली सोडणारी विंच सेकंदाला १ मीटर वेगाने चालते, म्हणजे ४,००० मीटर खाली जाऊन वर यायला सव्वादोन तास. पहाटे तीनला वाऱ्यात उभं राहून, क्षारतेची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून नमुना भरलात, की आलेखातला ‘विचित्र’ बिंदू पुसायला हात सहज धजत नाही. नोंदवहीत वेळ यूटीसीमध्येच, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेतच, लिहा.

गाईड निवडताना त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांशी बोला आणि डेटा हातात आहे की यायचा आहे ते विचारा. प्रश्न एका वाक्यात मांडा, त्यात जागा, खोली आणि ऋतू हवाच. आणि गाईडना आलेख दाखवायला न्याल, तेव्हा तो काढण्याआधीच कागदावर अपेक्षित आकडा लिहिलेला असू द्या. जुळला नाही, तर त्या भेटीत आधी त्याच्याबद्दल बोला.