बाटल्या धुणं थांबवा आणि तो फोन करा

मी कुडाळजवळ कोकम आगळ (कोकमाचा खारवलेला रस), आमसुलं आणि थोडी फणसपोळी करते, अकरावं वर्ष चालू आहे. या अकरा वर्षांत माझ्याकडच्या बाटल्या सगळ्यात स्वच्छ कधी असायच्या माहितीये? उधारी मागायची असायची तेव्हा. खरंच. सकाळी ठरवायचं की आज त्या गोव्याच्या दुकानदाराला फोन लावायचाच, मग आधी जरा बाटल्या बघून घेऊ म्हणत पत्र्याच्या शेडमध्ये शिरायचं, ब्रश हातात घ्यायचा आणि दीडशे बाटल्या होईपर्यंत दुपारचे दोन वाजायचे. आता तो जेवायला गेला असेल, मग झोपला असेल, संध्याकाळी गिऱ्हाईक असेल, झालं, उद्या. बाटल्या आदल्या आठवड्यातच धुतलेल्या होत्या हे वेगळं.

तर पहिलं काम हे, आपली बाटली ओळखा. प्रत्येक धंदेवाल्याची एक असते. ओळखीतला एक होमस्टेवाला आहे, बँकेत जायची वेळ आली की तो अंगणातल्या सुपारी मोजायला बसतो, कोणी इन्स्टावर रील टाकत बसतं, कोणी लेबलचं डिझाईन पाचव्यांदा बदलतं. यात आळस अजिबात नाही, उलट माणूस घामाघूम झालेला असतो, म्हणून तर फसायला होतं. दिवसभर राबून रात्री पाठ दुखतेय पण जे एकच काम करायला हवं होतं तेवढं सोडून सगळं झालंय, असं आठवड्यात दोनदा झालं तर समजा काहीतरी टाळताय.

टाळलं की बरं वाटतं, गोची तिथेच आहे. फोन खाली ठेवला की छातीवरचं ओझं त्या मिनिटाला उतरतं आणि डोकं धडा घेतं की फोन न करणं म्हणजे सुटका. पुढच्या वेळी तोच फोन अजून जड वाटतो. भीतीवर उपचार करणारे लोक म्हणूनच माणसाला भीती जायची वाट बघायला लावत नाहीत, थोडं थोडं त्या गोष्टीसमोर उभं करतात, काही आभाळ कोसळलं नाही हे अंगाला कळलं की ती आपोआप उतरते. आधी धीर येईल मग करू हा क्रमच उलटा आहे, आणि मी त्या उलट्या क्रमात चार वर्षं घालवली.

आता जीएसटीची गोष्ट सांगते कारण त्याशिवाय पुढचं समजणार नाही. माल विकणाऱ्याला नोंदणी सक्तीची होते त्या 40 लाखांच्या जवळपासही माझी उलाढाल नाही, पण गोव्यात माल द्यायचा तर ते दुसरं राज्य, त्यामुळे नोंदणी घ्यावी लागली. पावसात माझी विक्री जवळजवळ बंद असते, मला वाटलं विक्रीच नाही तर रिटर्न कसलं भरायचं. भरायचं असतं, शून्याचंही भरायचं असतं. मग मेल आला, नोटीस असं वर लिहिलेलं, आणि मी तो उघडलाच नाही. वरची एक ओळ दिसायची तेवढी रोज बघायची आणि स्क्रीन सरकवायची. चार महिने! त्या चार महिन्यांत डोक्यात दंडाचा आकडा दोन लाखांवर गेला होता, एकदा तर शेडला सील लागलंय असं स्वप्न पडलं. शेवटी नवरा म्हणाला, "उघडून बघ तरी, फोनात काय वाघ बसलो हा?" त्याने चहा आणून शेजारी ठेवला आणि मी उघडला. रिटर्न भरलं नाही, 15 दिवसांत भरा, एवढंच होतं. शून्य रिटर्नला उशिराचे दिवसाला 20 रुपये, आणि माझ्यासारख्या छोट्यांना एका रिटर्नमागे जास्तीत जास्त 500. विक्री असेल त्या महिन्याला दिवसाला 50, कमाल 2000, शिवाय थकलेल्या करावर 18 टक्के वर्षाचं व्याज. सगळं मिळून चार हजारांच्या आत मिटलं. पण हेही सांगते, अजून दोनेक महिने तशीच बसले असते तर नोंदणी रद्द व्हायची वेळ आली असती, सलग सहा महिने रिटर्न नसेल तर जीएसटी खातं ती रद्द करू शकतं. म्हणजे भीतीत तथ्य होतं, फक्त आकडा आणि तारीख दोन्ही चुकीचे होते, आणि ते दोन्ही त्या न उघडलेल्या मेलमध्येच लिहिलेले होते.

त्या दिवसापासून मी एक वही ठेवली, साधी शंभर पानी. डावीकडे लिहायचं काय टाळतेय आणि केलं तर काय होईल असं वाटतंय, अगदी खरं, लाज न बाळगता. "फोन केला तर तो ओरडेल आणि माल घेणं बंद करेल." उजवी बाजू रिकामी. काम झालं की तिथे लिहायचं प्रत्यक्षात काय झालं. पंधरा-वीस नोंदी झाल्या की वही स्वतःच बोलायला लागते. माझ्या वहीत ओरडेल असं डावीकडे सतरा वेळा आहे, उजवीकडे ओरडला एकदाच. तो एकदा मात्र खरोखर ओरडला आणि माल घेणंही बंद केलं, ते लपवत नाही. पण ती बाकी मुळात येणारच नव्हती आणि मी त्याला अजून दोन खेपा देणार होते, त्या वाचल्या.

वहीत डावीकडची यादी झाली की लगेच सगळ्यात मोठ्या कामावर उडी मारू नका. पहिल्यांदा फक्त बिल काढून टेबलावर ठेवायचं. दुसऱ्या दिवशी त्यावर बाकी किती ते पेन्सिलने लिहायचं. मग व्हॉट्सॲपवर बिलाचा फोटो, खाली एक ओळ. मग फोन. मेल उघडायची भीती असेल तर फक्त उघडा, उत्तर उद्या. एवढं छोटं करा की नाही म्हणायला आपल्यालाच लाज वाटली पाहिजे. आणि वेळ ठरलेली हवी, "या आठवड्यात कधीतरी" म्हणजे कधीच नाही. माझा मंगळवार सकाळी साडेदहा, पहिला चहा झाल्यावर, शेडचं कुलूप उघडायच्या आधी, कारण एकदा शेडमध्ये गेले की बाटल्या आहेतच.

फोनचं पहिलं वाक्य कागदावर लिहून ठेवा, भीती सगळी त्या पहिल्या वाक्यात असते. माझं पूर्वीचं वाक्य असायचं, "नाही म्हणजे सहज फोन केला, कसं काय, पाऊस कसाय तिकडे," आणि पावसावरच फोन संपायचा. आता असं आहे: "नमस्कार, कुडाळहून बोलतेय, 12 तारखेच्या बिलाचे 18400 बाकी आहेत, त्याबद्दल फोन केला. कधी पाठवताय?" आणि मग गप्प. तो गप्प राहायचा भाग सगळ्यात अवघड, दोन सेकंदांत माणूस स्वतःच "नाही म्हणजे तुमच्या सोयीने" म्हणून मोकळा होतो. जिभेवर दात ठेवा. त्या माणसाने आधी 8000 पाठवले, मग तीन तुकड्यांत उरलेले, मधे एकदा परत फोन करावा लागला. सिनेमासारखं काही झालं नाही, पैसे आले.

उधारीत टाळाटाळीची किंमत कायद्यातही आहे आणि ती बऱ्याच जणांना ठाऊक नसते. विकलेल्या मालाचे पैसे कोर्टातून मागायची मुदत साधारण 3 वर्षं. मुदत संपायच्या आत समोरच्याने बाकी मान्य असल्याचं लेखी, सहीनिशी दिलं तर ती नव्याने सुरू होते, म्हणून वर्षाकाठी एक बाकीपत्र सही करून घ्यायची सवय लावा. दुसरं, तुम्ही स्वतः माल बनवत असाल किंवा सेवा देत असाल तर उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून ठेवा, फुकट आहे, आणि माल द्यायच्या आधी करा. मग सूक्ष्म-लघु उद्योगांच्या 2006 च्या कायद्याप्रमाणे घेणाऱ्याला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय आयकरात आता असं आहे की ही मुदत चुकवली तर घेणाऱ्याला तो खर्च पैसे देईपर्यंत आपल्या उत्पन्नातून वजा धरता येत नाही. मोठ्या दुकानाच्या अकाउंटंटला फेब्रुवारी-मार्चमध्ये ही एक गोष्ट नम्रपणे आठवण करून द्या, आवाज चढवायची गरज पडत नाही. (नुसता विकत घेऊन विकणारा व्यापारी असेल तर त्याला हे उशिराच्या पैशांचं संरक्षण मिळत नाही, तेव्हा उगाच त्यावर विसंबू नका.) मला तर कायद्यापेक्षा माहितीचा उपयोग जास्त झाला, फोन करताना आपण भीक मागतोय असं वाटणं गेलं.

आपल्याकडे टाळायला कॅलेंडरसुद्धा मदत करतं. शिमगा होऊ दे मग बघू, मे संपू दे, आता पाऊस लागला कोण पैसे देणार, गणपती आले चाकरमान्यांची गडबड, मग दिवाळी, मग आंब्याचा मोहोर बघून ठरवू. वर्ष संपलं. मग हे खरं थांबणं आहे की पळणं ते ओळखायचं कसं? किनाऱ्यावर बघा, 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या, पण कोणी म्हणत नाही की मच्छीमार घाबरला. बंदीला शेवटची तारीख आहे आणि तेवढ्या दिवसांत तो जाळी विणत बसलेला असतो. तुमच्या थांबण्याला तारीख आहे का आणि मधल्या काळात त्याच कामाची काही तयारी चालू आहे का? दोन्हीला नाही असेल तर ते पळणं आहे. काही भीती ऐकायचीही असते बरं का, जुनी बाकी असलेल्याला नवीन माल द्यायची भीती वाटते ना, ती ऐका.

भाव वाढवायची भीती ही वेगळीच जात. मी तीन वर्षं बाटली 120 लाच विकली. एके रात्री खर्च लिहायला बसले, रातांबे (कोकमाची फळं), मीठ, काच, बूच, लेबल, मजुरी, खोके, एसटीचं पार्सल, आणि बाटलीमागे मला नऊ रुपये उरत होते. नऊ! गिऱ्हाईक जाईल या भीतीने मी नऊ रुपयांसाठी एप्रिल-मेच्या उन्हात कोकमं फोडत होते. यातही पायरी पायरीनेच गेले, आधी नवीन गिऱ्हाइकांना 150, जुन्यांना महिनाभर आधी सांगून 140, आणि कारण एकाच ओळीत. लांबलचक माफीनामा लिहू नका, माफी मागितली की समोरच्याला वाटतं घासाघीस चालेल. दोन दुकानं गेली, एक दिवाळीनंतर परत आलं.

एक गोष्ट गंभीरपणे. झोप उडालीय, जेवण जात नाही, फोन वाजला की हात कापतात आणि असं आठवडे चाललंय तर वहीने भागणार नाही, डॉक्टरांना दाखवा. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. गावात कोणाला कळेल याची भीती वाटत असेल तर तो नंबर त्यासाठी पण बरा.

राहता राहिली भावकी. परक्या दुकानदाराला फोन करणं सोपं म्हणायची पाळी येते, कारण मुंबईची चुलत जाऊ दरवर्षी मे महिन्यात बारा बाटल्या गाडीत घालते आणि म्हणते, "काय गो, माका पण पैशे लावतलंस?" यावर हसायचं आणि आत जाऊन धुसफुसायचं, हे मी नऊ वर्षं केलं. यंदा वहीत डावीकडे लिहिलं, "गणपतीला बोलणार नाही, सगळ्यांना सांगेल." मग दोन बाटल्या वेगळ्या पिशवीत घालून तिच्या हातात दिल्या आणि म्हटलं, "ह्यो तुका माझ्याकडसून, बाकीच्या दहांचे चौदाशे." आवाज जरा कापला. ती दोन क्षण बघत राहिली, मग पर्स उघडली, आणि दहाच्या सहाच घेतल्या. वहीत उजवीकडे लिहिलंय: 840 रुपये, जीपे, आणि गणपतीला मोदक खायला आली होती.