वॉक-एड की वॉक्ट? इंग्रजीतले एस आणि ईडी गळ्यावर बोटं ठेवून शिका

दुपारी साडेतीनला आमच्या सोसायटीतल्या पाच-सहाजणी माझ्याकडे इंग्रजी शिकायला बसतात. मुलं इंग्रजी माध्यमात, अभ्यास घ्यायचा आईने. एकीने पहिल्याच आठवड्यात सांगितलं, “ताई, मी वॉक-एड म्हटलं की लेक हसते. आता मी मोठ्याने वाचतच नाही.” तेव्हापासून मी व्याकरणाची सुरुवात इथूनच करते.

आधी भीती घालवू. मराठीत घोडा, घोडे, घोड्याला, घोड्यांनी, घोड्यांचा अशी केवढी रूपं! इंग्रजी नामाला सामान्यरूप नाही. शेवटी लागतो तो एस, अनेकवचनाचा किंवा ‘चा-ची-चे’चा. क्रियापद तर आणखी सोपं. चालला, चालली, चालले, चालल्या या सगळ्यांसाठी एकच वॉक्ट. नियमित क्रियापदाची रूपं चारच: वॉक, वॉक्स, वॉक्ट, वॉकिंग.

आता उच्चार. शाळेत संधी शिकताना कठोर आणि मृदू व्यंजनं शिकलो होतो, ती इथे कामाला येतात. गळ्यावर दोन बोटं ठेवा आणि नुसता ‘स्स्स’ म्हणा: काही थरथरत नाही. मग ‘जरा’मधला ज लांबवा: गळा थरथरतो. क, ट, प, थ, फ कठोर. ग, ड, ब, व, न, म, ल, र आणि सगळे स्वर मृदू, म्हणजे थरथरणारे.

शब्दाचा शेवट कठोर असेल तर एसचा उच्चार स: कप्स, बुक्स, प्लेट्स. मृदू असेल तर ज: स्पून्ज, डॉग्ज, बॉइज. आणि शेवटी स, ज, श, च असा घासणारा आवाज असेल तर मध्ये इ घालून इज: ग्लासिज, डिशिज, मॅचिज. क्रियापदाच्या एसलाही हाच नियम: हेल्प्स, रन्ज, वॉशिज. मालकीच्या एसलाही हाच.

भूतकाळाच्या ईडीचंही तसंच. कठोर शेवटाला ट: वॉक्ट, चॉप्ट, वॉश्ट. मृदू शेवटाला ड: बॉइल्ड, ओपन्ड, प्लेड. मुळातच ट किंवा ड असेल, तरच इड: हीटिड, अ‍ॅडिड. स्पेलिंगकडे नाही, आवाजाकडे बघा. ‘लाफ’च्या शेवटी जी-एच लिहितात, पण ऐकू येतो फ, म्हणून लाफ्ट.

मला इथे एक गोष्ट फार आवडते. विपद् आणि काल जोडले की विपत्काल होतो, कारण पुढचा कठोर क मागच्या द्‌ला कठोर करतो. इंग्रजीत मागचं अक्षर पुढच्या प्रत्ययाला बदलतं. दिशा उलटी, युक्ती तीच.

लिहिताना शेवटच्या वायकडे लक्ष ठेवा. त्याच्या आधी व्यंजन असेल तर वाय जाऊन आय येतो, जसं बेबीज, स्टडीज, स्टडीड. आधी स्वर असेल तर वाय तसाच: बॉइज, प्लेज. चिल्ड्रेन, मेन, फीट पाठच करायचे. फर्निचर, होमवर्क, इन्फर्मेशन यांना मात्र अनेकवचनाचा एस कधीच लावू नका.

खरी अडचण येते ती एस कुणाला द्यायचा इथे. आपण ‘मुली चालतात’ म्हणतो, दोन्हीकडे अनेकवचन दिसतं, म्हणून इंग्रजीतही दोन्हीकडे एस लावतो. साध्या वर्तमानकाळात लक्षात ठेवा: द गर्ल वॉक्स, द गर्ल्ज वॉक. एस नामाला गेला की क्रियापदाला नाही. आय आणि यू असले तरी क्रियापदाला एस नाही.

दुसरी चूक आपल्या संस्कारातून येते. ‘माझे वडील बँकेत काम करतात’ हे आदराचं अनेकवचन. त्यामुळे तोंडून ‘माय फादर वर्क’ निघतं. इंग्रजीत वडील एकच, म्हणून माय फादर वर्क्स. त्यात आदर कमी होत नाही, हे मला दरवेळी समजावून सांगावं लागतं.

आणि डझ किंवा डिड आलं की एस-ईडी तेच घेऊन जातात: डझ शी वॉक? डिड शी वॉक? मागे पुन्हा वॉक्स, वॉक्ट नको.

सरावाला वही नको, सकाळचे पोहे पुरेत. करून झाल्यावर मोठ्याने सांगा: आय वॉश्ट द पोहे. आय पील्ड अ पोटॅटो. आय चॉप्ट टू अनियन्ज. आय अ‍ॅडिड सॉल्ट. प्रत्येक क्रियापदाला बोटं गळ्यावर. मग तेच पोहे लेकीला सांगायला लावा, ‘माय मदर’पासून: वॉशिज, पील्ज, चॉप्स, अ‍ॅड्ज. ती चुकली, तर तिचीही बोटं गळ्यावर ठेवा.