ऑगस्टात बुकचोन पाहायचंय? दहाच्या ठोक्याला पोचा

दक्षिण कोरियाच्या सोलमधल्या ग्योंगबोकगुंग आणि छांगदोकगुंग या दोन राजवाड्यांच्या मधल्या चढावर बुकचोन ही जुन्या हानोक, म्हणजे पारंपरिक कोरियन घरांची वस्ती आहे. उन्हाळ्यात आपण सवयीने पहाटेच निघायचं ठरवतो, पण इथे ते चालत नाही. घरांत माणसं राहतात, आणि फोटोंतून प्रसिद्ध झालेल्या गल्लीत पर्यटकांना सकाळी 10 ते संध्याकाळी 5 एवढीच मुभा आहे. मार्च 2025पासून नियम मोडल्यास 1 लाख वॉन दंड होऊ शकतो. म्हणून मेट्रोच्या 3 क्रमांकाच्या मार्गावरच्या आंगुक स्टेशनवर पावणेदहालाच उतरा, चढ आधी उरकून घ्या आणि बाराच्या आत सावली गाठा. आवाज मात्र हळू ठेवा.

सावलीसाठी 1913 साली बांधलेलं बेक इन-जे या डॉक्टरांचं घर उत्तम. प्रवेश फुकट, सोमवारी बंद. पुढे आलेल्या छपरामुळे उंचावरचं ऊन आत शिरत नाही, हे तिथे उभं राहिल्यावर कळतं. मग एखाद्या चहाघरात थंडगार ओमिजा, म्हणजे तिकडच्या लाल बेरींचं पेय, प्या. रंग आपल्या कोकम सरबताच्या जवळचा, चव आंबटगोड.

हानबोक, म्हणजे पारंपरिक कोरियन पोशाख, घातला की ग्योंगबोकगुंगचं तिकीट माफ होतं, हे खरं. पण राजवाड्याचं तिकीट तसंही स्वस्तच, आणि दमट उकाड्यात भाड्याच्या घोळदार कपड्यांत घामाघूम व्हायचं ते वेगळंच. मी तरी सुती सदऱ्यातच जाईन. जूनअखेर ते जुलैत गेलात तर छत्री हवीच, तो तिकडचा पावसाळा.