मूत्राशयाचा कॅन्सर पसरला असेल तर नवी तक्रार कशी टिपायची
आप्पांचा मूत्राशयाचा कॅन्सर पसरला तेव्हा चार जागा सांगितल्या होत्या: लिम्फ नोड (अंगातल्या लसीका गाठी), हाडं, फुप्फुसं, यकृत. म्हणून बेंबीजवळ हरभऱ्याएवढी गाठ आली, ती मी केसतोड समजून पंधरा दिवस शेकत बसले. बायोप्सीत तोच कॅन्सर निघाला. त्वचेत तो क्वचित जातो, पण जातो. मेंदूत, पोटाच्या आतल्या आवरणात, अगदी डोळ्यातही.

तेव्हापासून पंचवटीतल्या आमच्या घरी कॅलेंडरवरच लिहिते. आंघोळ घालताना पाठ, पोट, डोकं चाचपा. टणक, वाढणारी गाठ लागली तर तारीख घाला, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढा आणि डॉक्टरांना दाखवा. दुखत नाही म्हणून थांबू नका. शेक, लेप काही नको. नवी डोकेदुखी, सकाळची उलटी, तोल जाणं, धूसर दिसणं हेही कळवा. ‘वय झालं’ म्हणून सोडू नका.

एका गोष्टीला मात्र कॅलेंडर नको. पाठदुखीसोबत पायातलं बळ गेलं किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर मणक्यातला मज्जारज्जू दाबला जात असू शकतो. लगेच १०८ लावा. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा, “पसरलेला मूत्राशयाचा कॅन्सर आहे.”