मुंबईच्या धावपळीत कलासंग्रहालय कसे पाहावे

कामानिमित्त किंवा सहलीसाठी मुंबईत आलेल्या पाहुण्याच्या हाती संग्रहालयासाठी बहुधा अर्धाच दिवस असतो, आणि तेवढ्या वेळात सगळी दालने पालथी घालण्याच्या नादात त्याचे काहीच नीट पाहून होत नाही. म्हणून निघण्यापूर्वीच एक संग्रहालय आणि त्यातील फार तर दोन दालने निवडावीत.

पहिल्या भेटीसाठी काळा घोडा परिसर सर्वांत सोयीचा. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आणि जहांगीर कलादालन ही तिन्ही ठिकाणे तेथे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. आधुनिक कला संग्रहालय सोमवारी बंद असते, हे वार ठरवताना ध्यानात ठेवावे. सामान मुक्कामीच ठेवून सकाळी दार उघडताच पोहोचावे. शाळांच्या सहली येण्यापूर्वीचा तो निवांत तास फार मोलाचा असतो.

वस्तुसंग्रहालयात शिरण्यापूर्वी थोडा वेळ बागेत थांबून इमारत पाहावी. तिची पायाभरणी 1905 मध्ये झाली, परंतु ती लोकांसाठी खुली होण्यास 1922 उजाडले, कारण मधल्या महायुद्धाच्या काळात तिचा वापर लष्करी रुग्णालय म्हणून झाला. वास्तुकार जॉर्ज विटेट यांनी घुमटासाठी विजापूरच्या गोलघुमटाचा आदर्श घेतला होता.

आत गेल्यावर माझी शिफारस लघुचित्रांची. ही चित्रे मुळात हातात धरून पाहण्यासाठी काढलेली असल्यामुळे दुरून त्यांचा अर्थ लागत नाही. काचेला हात न लावता शक्य तितके जवळ जावे. प्रकाश मुद्दामच मंद असतो, कारण तीव्र उजेडाने कागदावरील रंग फिके पडतात. त्यामुळे फ्लॅश वापरू नये आणि डोळे सरावेपर्यंत थोडा धीर धरावा. एकच चित्र निवडून त्यासमोर पाच मिनिटे उभे राहावे: आधी आकाश, मग झाडांची पाने, मग वस्त्रांवरील नक्षी, शेवटी चेहरे आणि हातांच्या मुद्रा. माहितीचा फलक त्यानंतरच वाचावा, कारण आधी वाचला की नजर फलकात लिहिलेले तेवढेच शोधू लागते. मुलांना चित्रातील प्राणी मोजायला सांगावे. ती आपल्यापेक्षा जास्त वेळ थांबतात, हा माझा अनुभव आहे. जे आवडले त्याविषयी दोन ओळी वहीत टिपाव्यात.

दीड तासाने पाय बोलू लागतात. तेव्हा बाहेर पडावे, खाऊन घ्यावे, आणि शक्ती उरली असेल तरच आधुनिक कला संग्रहालयात जावे. 1911 च्या कावसजी जहांगीर सभागृहात ते 1996 मध्ये सुरू झाले. तेथील प्रदर्शने बदलत असल्याने सध्या काय मांडले आहे हे आधी पाहावे.

जहांगीर कलादालन शेवटी ठेवावे. 1952 पासूनच्या या दालनात प्रवेशशुल्क नाही आणि चित्रकार अनेकदा स्वतः आपल्या चित्रांजवळ बसलेले असतात. संकोच न करता त्यांना विचारावे, की या मांडणीतले सर्वांत आधी काढलेले चित्र कोणते.