काळेबाई सापडल्याच पाहिजेत: काउंटरवरच्या माणसासाठी सर्च कसा बांधावा

इंदूरमधल्या एका मराठी वाचनालयाचं सभासद रजिस्टर मी वेबवर आणलं. पहिल्याच आठवड्यात काउंटरवरच्या काकूंचा फोन आला. "अगं, काळेबाई माझ्यासमोर उभ्या आहेत आणि तुझं मशीन म्हणतंय, त्या नाहीतच." नोंद होती, पण ती भरणाऱ्या मुलाने हिंदी वळणाने 'काले' लिहिलं होतं. काकूंनी नवी नोंद केली, अनामत दुसऱ्यांदा घेतली. महिन्याभराने ती परत करताना त्यांना जो संकोच झाला, तो माझ्या कोडमुळे. तेव्हापासून ॲडमिन पॅनलचा, म्हणजे कर्मचारी नोंदी सांभाळतात त्या पानांचा, सर्च करायला घेतला की मी आधी काउंटरशेजारी खुर्ची टाकून तासभर बसते.

तुम्हीही बसा आणि लोक कसे मागतात ते शब्दशः लिहून घ्या. सभासद क्रमांक क्वचितच कुणी सांगतं. "काळे, लोकमान्य नगरच्या" किंवा "फोनच्या शेवटी 4417" असं सांगतात. म्हणून बॉक्स एकच ठेवा. 'कशात शोधायचं?' असा ड्रॉपडाउन शेजारी लावू नका. नाव कोणत्या रकान्यात आहे हे काकूंनी का ठरवायचं? बॉक्सखाली साध्या मराठीत लिहा: 'आडनाव, वस्ती किंवा फोनचे शेवटचे चार आकडे'. जँगो (पायथनमधलं वेबसाइट बांधायचं फ्रेमवर्क) वापरत असाल तर 4.0 आवृत्तीपासून त्याच्या ॲडमिनमध्ये या ओळीची सोय आहे. जँगो टाइप केलेले शब्द सुटे करून प्रत्येक शब्द कुठल्या तरी रकान्यात शोधतो, त्यामुळे 'काळे मीना' आणि 'मीना काळे' दोन्ही चालतात. डेटाबेसला विचारायची क्वेरी स्वतः लिहिणार असाल तर एवढं नक्की करा, कारण आपल्या रजिस्टरात आडनाव आधी येतं आणि बोलताना नाव आधी.

आता खरं काम, शुद्धलेखनाचं. इंदुरात एकच घराणं मराठी पाटीवर होळकर असतं आणि हिंदी पाटीवर होलकर. देशपांडे आधारवर देशपाण्डे होतात, कुळकर्णी आणि कुलकर्णी तर आपल्यातच दोन आहेत. यातलं चूक कुणाचंच नाही, तेव्हा मूळ नावाला हात लावू नका. शेजारी फक्त शोधासाठी एक रकाना ठेवा आणि त्यात नावाचं सैल रूप साठवा: ळ चा ल, दीर्घ वेलांटी-उकार ऱ्हस्व, ण्ड-न्द-म्ब मधल्या अर्ध्या अक्षराचा अनुस्वार, नुक्ता (अक्षराखालचा टिंब) गाळलेला, देवनागरी आकडे इंग्रजी केलेले. काकू जे टाइप करतील तेही त्याच फंक्शनमधून न्या. मी पहिल्यांदा हे एकाच बाजूला केलं होतं आणि होते तेही काळे सापडेनासे झाले.

गोऱ्हे, कुऱ्हाडे या आडनावांकडे खास लक्ष द्या. त्यातला ऱ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक अक्षरं ज्या संकेतांत साठवतो त्यात, दोन प्रकारे लिहिता येतो: ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर जोडून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, डेटाबेसला मात्र वेगळे. सैल रूपात दोन्हींचा साधा र करा आणि जॉइनर काढून टाका.

सैल शोधात जास्त नावं येतात. 'बाळ' आडनाव शोधलं की 'बाल विभाग'ही येतो. म्हणून तंतोतंत जुळणारी नावं वर, बाकीची खाली. प्रत्येक ओळीत वस्ती, फोनचे शेवटचे चार आकडे आणि शेवटच्या पावतीची तारीख दाखवा. दोन मीना काळे असतील तर काकू त्यावरूनच ओळखतात.

टाइप करता करता निकाल दाखवणार असाल तर देवनागरी कीबोर्डवर अक्षर पूर्ण होईपर्यंत थांबा. ब्राउझर 'कॉम्पोझिशन एंड' ही घटना त्यासाठीच देतो. नाहीतर 'क' वरच यादी नाचायला लागते आणि माणूस बिचकतो.

फिल्टर लावलेला असेल तर तो बॉक्सशेजारीच ठळक दिसू दे, फुलीसकट. काल कुणी 'थकबाकीदार' लावून ठेवलं असेल तर आज वर्गणी भरलेला सभासद सापडणार नाही, आणि काकूंना वाटेल नोंदच उडाली.

काही सापडलं नाही तर 'नो रिझल्ट्स' लिहून मोकळे होऊ नका. "'काळे मीनल' सापडलं नाही. फक्त आडनाव टाकून पाहा," असं लिहा, खाली 'काळे' आडनावाचे सगळे दाखवा, आणि 'नवीन सभासद' हे बटण त्या यादीच्याही खाली ठेवा. आमच्याकडे दुहेरी नोंदी थांबल्या त्या मुख्यतः बटण खाली नेल्यामुळे.

शेवटी, रिकामे गेलेले शोध महिनाभर साठवून एकदा वाचा. मी वाचले तेव्हा त्यात 'वर्गणी' हा शब्द परत परत होता. काकू माणूस शोधत नव्हत्या, त्यांना वर्गणी भरायचं पान हवं होतं आणि ते मेनूत 'व्यवहार' खाली लपलं होतं. आता त्याच बॉक्समध्ये 'वर्गणी' टाकलं की सगळ्यात वर ते पान येतं.