बाईकचा हेडलाईट घरी अपग्रेड करताय? या चुका टाळा

रात्री गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाची तक्रार एकच, लाईट पुरत नाही. मग लगेच ऑनलाईन जाऊन "२०००० ल्युमेन" (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) लिहिलेला एलईडी मागवायचा नाहीतर दुकानातून ९०/१०० वॅटचा बल्ब आणून ठोकायचा. दोन्हीत पैसे जातात, आणि बऱ्याचदा गाडीचं वायरिंग पण जातं. माझं म्हणणं सोपं आहे, कंपनीने दिलेला उजेड आधी रस्त्यावर पूर्ण पोचतोय का ते बघा, नवीन उजेड विकत घेणं त्यानंतरचं काम.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मीटर न लावता बल्ब बदलणं. डिजिटल मल्टिमीटर दोन-चारशे रुपयात मिळतो, घरी काम करणाऱ्याकडे तो हवाच. गाडी चालू करा, लाईट लावा, थोडी रेस देऊन बॅटरीवर व्होल्टेज बघा, आणि मग बल्ब पेटलेला असतानाच होल्डरच्या मागे बघा. बल्ब काढून नुसत्या कपलरवर (बल्बमागे खोचायच्या वायरच्या प्लगवर) मोजलं तर आकडा नेहमी चांगलाच येतो, त्याचा काही उपयोग नाही, लोड असतानाच मोजायचं. समजा बॅटरीवर १३.८ आहे आणि बल्बवर १२.२ च येतंय, तर दीड व्होल्टच्या वर वाटेत खाल्ले गेले. ऐकायला कमी वाटतं पण हॅलोजनचा (फिलामेंटवाल्या बल्बचा) उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात सरळ कमी होत नाही, फार झपाट्याने पडतो, १० टक्के व्होल्टेज कमी झालं की साधारण ३० टक्के उजेड गेला. म्हणजे वरच्या आकड्यात तुमचा एक तृतीयांश लाईट वायरमध्येच मुरतोय, आणि तुम्ही बल्बला शिव्या घालताय.

हे व्होल्ट जातात कुठे? बॅटरीपासून इग्निशन स्विच, तिथून हँडलवरचा अप्पर-डिप्परचा स्विच, मग कपलर, मग होल्डर, या सगळ्या प्रवासात वायर बारीक आणि प्रत्येक जोडावर थोडा गंज. अर्थची बाजू, म्हणजे निगेटिव्हकडे परत जाणारी वायर, तर कोणी बघतच नाही. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी होल्डरच्या अर्थ पिनला लावा, लाईट चालू ठेवून. अर्धा व्होल्टच्या वर दिसला तर अर्थ साफ करा, थिंबल (वायरच्या टोकाची धातूची टोपी) नवीन मारा, निम्मं काम तिथेच होतं.

यावर खरा इलाज म्हणजे रिले, थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. अप्परला एक, डिप्परला एक. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून जाड वायर काढायची, दीड ते अडीच स्क्वेअर एमएमची, फ्यूजमधून दोन्ही रिलेच्या ३० नंबरच्या पिनला (नंबर रिलेवरच लिहिलेले असतात). ८७ वरून बल्बला. हेडलाईटच्या जुन्या कपलरमधून येणारी अप्परची वायर एका रिलेच्या ८६ ला, डिप्परची दुसऱ्याच्या ८६ ला, आणि ८५ दोन्हीकडे अर्थ. म्हणजे हँडलचा स्विच आता फक्त रिले ओढतो, बल्बचा करंट त्याच्यातून जात नाही, त्यामुळे स्विच गरम होऊन वितळायचा प्रकार पण थांबतो. काही गाड्यांत स्विच पॉझिटिव्हऐवजी अर्थ तोडतो, तेव्हा आधी मीटरने खात्री करून घ्या.

इथे ठरलेल्या चुका होतात. फ्यूज टाकतच नाहीत, किंवा टाकतात तो हेडलाईटजवळ. फ्यूज बॅटरीच्या अगदी शेजारी हवा, कारण मधली वायर टाकीखाली कुठे घासून शॉर्ट झाली तर तिला वाचवणारं दुसरं काहीच नाही. ६०/५५ वॅटच्या (अप्पर ६०, डिप्पर ५५) बल्बला १५ ॲम्पियर पुरतो, पास लाईट मारताना दोन्ही फिलामेंट एकदम पेटतात तेवढी जागा त्यात धरलेली आहे. वारंवार उडतोय म्हणून ३० चा टाकणं म्हणजे आग लावायची सोय करणं आहे. रिले लावताना पिना खालच्या दिशेला ठेवा, वर ठेवल्या तर पाणी आत साचतं. आणि वायर सोलून पिळून वर काळी टेप हे करू नका प्लीज, पहिल्याच उन्हाळ्यात टेपचा गोंद सुटतो. थिंबल क्रिंप करा, म्हणजे पक्कडीने दाबून बसवा, किंवा सोल्डर करून स्लीव्ह चढवा.

पण थांबा, रिले सगळ्या गाड्यांना चालत नाही. जुन्या १०० सीसी-१२५ सीसी गाड्यांमध्ये हेडलाईट बॅटरीवर नसतोच, थेट इंजिनमधल्या वीज बनवणाऱ्या कॉइलमधून एसी करंटवर चालतो. स्लो रेसला मंद, रेस दिली की प्रखर, ही त्याची खूण. अशा गाडीत बॅटरीवरून रिले मारला की चार दिवसात बॅटरी बसणार, कारण तिचं चार्जिंग तेवढ्या लोडसाठी बनवलेलंच नाही. लोक सांगतात की इंजिन बंद असताना लाईट लागत नाही म्हणजे एसी, पण हे आता खरं धरू नका. १ एप्रिल २०१७ पासून नवीन टू-व्हीलरला इंजिन चालू असेपर्यंत हेडलाईट आपोआप चालू राहणं सक्तीचं झालं, त्यानंतरच्या बऱ्याच डीसी (बॅटरीवर लाईट चालणाऱ्या) गाड्यांचा लाईट पण इंजिन सुरू झाल्यावरच लागतो. मीटर एसी रेंजवर ठेवून होल्डरवर मोजा, शंका मिटते. एसीवर एलईडी लावला की तो फडफडतो, आणि मग लोक तीन तीन बल्ब बदलतात, बल्बचा दोष नसतानाच.

आता वॅटचं. बुलेटसारख्या गाड्यांत एच४ बल्ब येतो ६०/५५ वॅटचा. कम्युटर, म्हणजे रोजच्या वापराच्या छोट्या गाड्यांत बहुतेक एचएस१, ३५/३५ वॅट. दोन्ही दिसायला जवळजवळ सारखे, खाच थोडी वेगळी, घासून बसवतात पण लोक. बसला म्हणजे चालला असं नाही ना, कॉइल तीच, होल्डर तोच, प्लास्टिकचा रिफ्लेक्टर तोच. ९०/१०० चा बल्ब आठ ॲम्पियरच्या आसपास ओढतो, होल्डर आधी तपकिरी पडतो, मग ठिसूळ होतो, मग रिफ्लेक्टरची चमक बल्बच्या वरच्या बाजूला काळवंडते. एकदा ती चमक गेली की कितीही भारी बल्ब टाका, उजेड येणार नाही. तसंच रिफ्लेक्टर धुळकट दिसतोय म्हणून फडक्याने पुसू नका, आतला मुलामा इतका पातळ असतो की फडक्याबरोबर निघून येतो. ब्लोअरने किंवा फुग्याच्या पंपाने हवा मारा बास. काच पिवळी पडली असेल तर मात्र बाहेरून पॉलिश करून घ्या, त्याचा फरक डोळ्याला दिसतो.

हॅलोजन बसवताना काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल लागलं की तेवढाच भाग जास्त तापतो आणि बल्ब लवकर उडतो. लागलंच तर स्पिरिटने पुसा, सुकू द्या, मग बसवा.

एलईडीला माझा विरोध नाही, पण हॅलोजनच्या डूममध्ये (काच आणि रिफ्लेक्टरच्या युनिटमध्ये) एलईडी घालताना एक गोष्ट समजून घ्या. रिफ्लेक्टर हा फिलामेंट नेमकी जिथे असते त्या जागेसाठी घडवलेला असतो. एच४ मध्ये डिप्परच्या फिलामेंटखाली छोटी वाटी असते, ती खालच्या बाजूचा उजेड अडवते म्हणून डिप्परला वर कट, म्हणजे उजेडाची सरळ कड मिळते. स्वस्त एलईडीत चिप दोन मिलिमीटर पुढे-मागे असली, तरी तो कट विस्कटतो आणि उजेड झाडांवर आणि समोरच्याच्या डोळ्यात जातो. तुम्हाला मात्र वाटतं काय भारी लाईट पडला, कारण गाडीच्या पुढची दहा फूट जमीन लख्ख दिसते! चांगल्या एलईडीला फिरवता येणारी कॉलर असते, ती फिरवून चिपा बरोबर डाव्या-उजव्या बाजूला आणा, घड्याळातल्या ३ आणि ९ सारख्या. भिंतीवर कट सरळ येत नसेल तर तो बल्ब परत करा.

डिव्हायडर नसलेल्या रस्त्यावर हा विषय जीवावरचा आहे. एसटीचा ड्रायव्हर उंच बसतो, तो कसंबसं निभावतो, पण शेतातून सायकलवर परतणाऱ्या माणसाला तुमच्या लाईटमुळे दोन सेकंद काहीच दिसत नाही, आणि साईडपट्टी तुटलेली असते. त्याचा जीव आपल्या हौसेपायी धोक्यात घालू नका.

बुलेटला सात इंची गोल एलईडी पूर्ण युनिट बसवणाऱ्यांनी आणखी एक तपासा. उजवीकडून गाड्या चालतात त्या देशांसाठी बनवलेल्या युनिटचा डिप्पर उजवीकडे वर चढतो. आपल्याकडे तो डावीकडे, रस्त्याच्या कडेला चढायला पाहिजे. घेण्याआधी भिंतीवर मारून बघायला मागा, पुण्यात असाल तर नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानात जाऊन समोर लावून घ्या, ऑनलाईन फोटोत हे कळत नाही.

रंगाचं पण तसंच. ६५०० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) पांढरा-निळसर लाईट कोरड्या रस्त्यावर छान वाटतो, पण पावसात ओल्या डांबरावर तो जणू नाहीसाच होतो आणि आंबोलीच्या किंवा आंबा घाटाच्या धुक्यात समोर पांढरी भिंत उभी राहते. कोकणात जाणं-येणं असेल तर ४३०० च्या आसपासचा घ्या.

बसवून झालं की फोकस सेट करायचाच, हे काम निम्मे लोक सोडून देतात. टायरमध्ये हवा बरोबर, गाडी सपाट जागेवर भिंतीपासून ५ मीटरवर, स्टँडवर नाही, तुम्ही स्वतः बसलेले. लाईटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची भिंतीवर खडूने मांडा, डिप्परचा वरचा कट त्या खुणेच्या साधारण ५ ते ७ सेंटीमीटर खाली आला पाहिजे. रोज मागे कोणी बसत असेल तर त्याला बसवूनच सेट करा.

तरी काही बिघडलंच तर. अप्पर मारला की दोन्ही फिलामेंट मंद पेटतात आणि स्पीडोमीटरमधला निळा दिवा अर्धवट लागतो, म्हणजे अर्थ तुटली आहे, करंट दुसऱ्या फिलामेंटमधून वाट शोधतोय. बल्ब सारखे उडत असतील तर रेस देऊन बॅटरीवर व्होल्टेज बघा, १५ च्या वर जात असेल तर आरआर युनिट (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारं रेग्युलेटर-रेक्टिफायर) गेलं, नवीन बल्ब आणून काही होणार नाही. हेडलाईट आणि फॉग लाईट दोन्ही लावून मध्यम रेसला बॅटरीवर १३ पण येत नसेल तर लोड जास्त झालाय, काहीतरी काढावं लागेल. हँडल पूर्ण डावीकडे-उजवीकडे वळवल्यावर लाईट जातो-येतो, तर हँडलच्या नेकपाशी वायर ताणली जातेय, तिथे थोडी ढील ठेवून पुन्हा बांधा. आणि काचेत आतून वाफ धरते ती बहुतेक वेळा एलईडीचा मागचा पंखा मावत नाही म्हणून काढून टाकलेल्या रबरी बुटामुळे (बल्बमागच्या रबरी कव्हरमुळे), तो बूट कापून का होईना पण परत चढवा, पावसाळ्याच्या आधी.